कणकुंबीची गाडी

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

आणली! स्वतः चालवत आणली — हायवेवरच्या जोतिबा शेठच्या जुन्या गाड्यांच्या दुकानापासून थेट निपाणीतल्या आमच्या गल्लीत. एकदाही बंद पाडली नाही. चंदेरी रंग, सहा वर्षं वापरलेली, पण बघणाऱ्याला वाटावं आजच शोरूममधून निघाली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाईनं गाडी शिकून घरी आणली म्हणून समोरच्या काकू गॅस बारीक करून बघायला आल्या. लेकीनं, ऋतिकानं, चाकाखाली लिंबू ठेवलं. ते फुटलं तशी मीच दचकले!

जोतिबा शेठ म्हणाला, "डोळं झाकून न्या मॅडम. एका गुरुजींची गाडी हाय. बाजार आन् देऊळ, ह्याच्या पलीकडं गेली न्हाय. एक ओरखडा दावा, परत घेतो." मी तीन वेळा फिरून बघितलं. एकही सापडला नाही.

हे काही अजून गाडीत बसले नाहीत. "आधी महिनाभर चालव, मग बघू." पोस्टातला माणूस! शिक्का बसल्याशिवाय विश्वास नाही. बसतील.

१४ नोव्हेंबर

अकोळ, बेनाडी, यमगर्णी — तिन्ही शाळा एका दिवसात! वर्ग सुटून सीआरपी, म्हणजे शाळांची समन्वयक, झाल्यापासून अकरा शाळांची पाहणी माझ्याकडे आहे, आणि वर्षभर वडापच्या जीपची वाट बघण्यात जीव गेला. बेनाडीच्या पोरी गाडीभोवती गोळा झाल्या. एक म्हणाली, "बाई, तुम्हीच चालवता?" मीच गं, मीच.

१८ नोव्हेंबर, सोमवार

काहीतरी खटकतंय. काल ऋतिकाला घेऊन संकेश्वरला गेले होते. तवंदी घाट उतरताना स्टिअरिंगवरचा हात जरा सैल केला की गाडी डावीकडे ओढते. ऋतिका शेजारीच होती. म्हणाली, "आई, तुझाच हात जातोय."

असेलही. नवखाच हात आहे.

२१ नोव्हेंबर

हात नाही, गाडीच. टायरवाल्यानं पुढचं डावं चाक काढून दाखवलं — आतली कड पार खाल्लेली. चाकं सरळ करायचं त्याचं मशिन आहे, त्यावर दोनदा चढवली. बसेना. त्यानं शेवटी हात पुसले. "मशिन खोटं बोलत न्हाय मॅडम. आत कायतरी वाकडं हाय. काकतीच्या भरमू अण्णाला दावा. त्यो बोटानं सांगतोय."

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज जे बघितलं ते नीट लिहून ठेवायला हवं.

काकतीत हायवे सोडून आत, चिंचेच्या झाडाखाली पत्र्याची शेड. भरमू अण्णा साठीचे असतील. बारीक अंगकाठी, डोक्यावर खाकी टोपी. चाळीस वर्षं पत्रा ठोकून उजवा कान गेलाय, म्हणून समोरचा माणूस बोलायला लागला की डावा पुढे करतात. मी म्हटलं, "गाडी डावीकडे ओढते." त्यांनी बॉनेट उघडलं नाही, किल्ली मागितली नाही. शेजारी कोणी ग्राइंडर चालवत होतं, त्याला कानडीत ओरडून "सुम्नीर!" म्हणाले, गप म्हणून. तो थांबला.

मग त्यांनी डावा कान गाडीच्या पत्र्याला लावला आणि बोटांच्या पेरांनी टकटक करत पुढून मागे निघाले. दार — टण्. दुसरं दार — टण्. दोन दारांच्या मधला खांब — थप्. माती भरलेल्या मडक्यासारखा आवाज! मलासुद्धा कळला. त्यांनी खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढून खांबावर धरलं आणि सोडून दिलं. खाली पडलं. छपराला लावलं, चिकटलं. परत खांबाला — पडलं.

"इथं लोखंड कमी आन् पुट्टी जास्त हाय, ताई. बोटभर जाड."

गाडी वर उचलली. मला खाली बोलावलं. इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी दोन जाड दांडे पुढपर्यंत जातात, त्यांवर सगळं पुढचं अंग तोललेलं असतं. उजवा सरळ, गुळगुळीत. डाव्यावर काळा रंग थापलेला. अण्णांनी पटाशीनं रंग खरवडला — आत वेल्डिंगची शिवण! दांडा मध्येच कापून दुसरा जोडलेला. सुतळीनं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजून दाखवलं. एका तिरक्यात आणि दुसऱ्यात दोन बोटांचा फरक.

मी विचारलं, "पण बाहेरून तर काहीच..."

"रंग लई झ्याक मारलाय. मारणाऱ्याचा हात चांगला हाय. नियत न्हाय."

मग त्यांनी सांगितलेलं मला अजून ऐकू येतंय. हा पुढचा दांडा मुद्दाम घडी पडेल असाच बनवलेला असतो म्हणे. धडक बसली की तो कागदासारखा दुमडतो, दुमडताना सगळा मार स्वतः खातो, म्हणजे आतल्या माणसाकडे उरेल तो थोडा. मी इतकी वर्षं समजत होते की गाडी जितकी कडक तितकी चांगली! कोणीतरी कुठेतरी बसून ठरवलं की लोखंडानं कुठे हरायचं, म्हणजे माणूस वाचेल. आणि हे आमच्या गल्लीत उभ्या असलेल्या गाडीत आहे. होतं.

"ही एकदा मेल्या ताई. गाडी अशी एकदाच मरती. तिचं काम तिनं केलं. आता परत धडकली तर घडी पडायला काय उरलंय? शिवण उसवंल आन् सगळं आत यील."

डाव्या बाजूला ऋतिका बसते.

शेडमधल्या बाकावर बसून राहिले. अण्णांनी पाणी दिलं. बराच वेळ गाडीकडे बघत म्हणाले, "एवढं झालं म्हंजे आत कोणतरी हुतं. वाचलं का बगा."

२५ नोव्हेंबर

ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, 'तरी म्हणत होतो' येणार. नाही आलं. उठून बाहेर गेले आणि गाडीच्या खांबावर पेरांनी वाजवून आले. थप्.

जोतिबा शेठला फोन केला. "सेकंड गाडी हाय मॅडम, एवढंतेवढं आसतंयच की!" मी विचारलं, गुरुजींचं नाव काय? फोन कट.

२७ नोव्हेंबर

गाडी भरमू अण्णांकडे नेऊन ठेवलीय. परत वडाप.

२ डिसेंबर

शेठनं दिलेले कागद आज नीट वाचले. आधीचा मालक गुरुजी नाहीच! साईराज भावकू गावडे, मुक्काम कणकुंबी. बेळगावहून जांबोटीच्या पुढे, जंगलात, गोव्याच्या हद्दीला टेकलेलं गाव. तिथल्या शाळेतल्या बाईंचा नंबर खानापूरच्या सीआरपीकडून मिळवला. एवढ्यापुरती ही नोकरी कामाची. त्यांनी तासाभरात गावड्यांचा नंबर दिला.

फोनला हात लावते आणि ठेवते. काय विचारणार? तुमच्या गाडीत कोण मेलं?

३ डिसेंबर

केला. साईराजच्या म्हाताऱ्या आईनं, मनुबाईंनी उचलला. मी चाचरत गाडीचा नंबर सांगितला. मग — "ती हाय? ती आजून हाय?" आणि रडायलाच लागल्या. मला काही कळेना. मागून कोणीतरी फोन घ्यायला बघत होतं, त्या देईनात. "बाई, तिला घिऊन या. हात जोडतो. एकदा दावा."

भरमू अण्णांना विचारलं, एवढा रस्ता झेपेल का? म्हणाले, "चाळीसच्या वर न्हाय. मी चालवतो. डाव्या अंगाला कोण बसायचं न्हाय." मग हळूच, "मलाबी बगायचंय."

८ डिसेंबर, रविवार

कणकुंबी. काय लिहू!

अण्णा आणि मी, मी मागे उजवीकडे. जांबोटीच्या पुढे झाडं दोन्ही बाजूंनी रस्त्यावर वाकलेली, भर सकाळी दिवे लावावे लागतील इतकी सावली. अण्णांचा सगळा वेळ कान इंजिनाकडे.

घर रस्त्याच्या खालच्या अंगाला. आम्ही पोचायच्या आधीच माणसं अंगणात उभी. मनुबाई सत्तरीच्या, काष्टा नेसलेल्या. त्या माझ्याकडे आल्याच नाहीत, सरळ गाडीकडे गेल्या. नंबरावरून बोट फिरवलं, आकडे ओठातल्या ओठात म्हटले. मग बॉनेटवर दोन्ही हात ठेवले, आणि हातांवर कपाळ.

साईराज बेळगावला फाउंड्रीत कामाला आहे, तिशीचा असेल. त्यानं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी, संध्याकाळी, लग्नाहून येताना. गाडीत चौघं — तो, शेजारी बायको सौम्या, मागे आई आणि तिच्या मांडीवर दोन वर्षांची पोर. वळणावर गवा उभा! "काळा डोंगरच बाई. डोळं तेवढं चमकत हुतं." त्यानं स्टिअरिंग मारलं, गाडी रस्ता सोडून थेट जांभळीच्या बुंध्यावर.

"पुढचं समदं न्हाइसं झालं. इंजिन पार काचंपर्यंत आलतं. आन् आमी चौघंबी दारं उघडून चालत उतरलो. पोर तर झोपेतनं उठली न्हाय!"

विम्याच्या माणसानं सांगितलं, दुरुस्त होणार नाही. कागदांवर सह्या घेतल्या, क्रेननं उचलून नेली. "आमास्नी वाटलं, वितळवली आसंल."

घरात नेलं. देव्हाऱ्यात, देवीच्या टाकाशेजारी, फ्रेम केलेला फोटो — चुरगळलेली चंदेरी गाडी, झाडाला टेकलेली. पुढचा भाग मुठीत दाबलेल्या कागदासारखा, आणि मागे, जिथे माणसं होती तिथे, काच तेवढी गेलेली. फोटोला हळदकुंकू. मनुबाई म्हणाल्या, "रोज हात जोडतो. दुसरं काय करायचं तिला?"

अण्णा कधी आत आले कळलंच नाही. फोटोजवळ गेले, डोळे बारीक करून खूप वेळ बघितलं. मग टोपी काढली. "किती बेस घडी पडल्या," एवढंच म्हणाले. कोणीतरी हातानं विणलेल्या कापडाकडे बघावं तसं.

बाहेर आले तर मनुबाई गाडीवरून भाकरतुकडा ओवाळत होत्या. सासरहून आलेल्या लेकीवरून ओवाळतात, तसा. सौम्या मात्र सगळा वेळ दारातच. आम्ही निघताना आली. डाव्या दिव्याच्या वर तळहात टेकवला आणि मला म्हणाली, "माझ्या वाटचं हिनं घेतलं, ताई."

मी गाडीला फसवणूक समजून गेले होते. येताना मागच्या सीटवर बसले ती देवळातून निघाल्यासारखी. पाय सीटखाली नीट घेऊन.

९ डिसेंबर

वर्गात दहावीच्या पोरांना सांगावंसं वाटलं, पण सीआरपी झाल्यापासून वर्गच नाही. घरी ऋतिकालाच सांगितलं. ऐकून म्हणाली, "मग ती गाडी परत कोणाला द्यायची नाही ना?" द्यायची नाही, पण करायचं काय?

१४ डिसेंबर, शनिवार

जोतिबा शेठचाच फोन. आवाज एकदम मधाळ! मी कणकुंबीला जाऊन आल्याचं त्याला कुठून तरी कळलंय. "मॅडम, भांडण कशाला? गाडी आणून लावा, सगळे पैसे परत. आजच्या आज." मी ह्यांना घेऊन गेले. खरं सांगते, आनंदात गेले.

दुकानात एक जोडपं बसलेलं. निशांत का काहीतरी नाव, बेळगावच्या कॅम्पात कपड्यांचं दुकान आहे त्याचं. बायको भैरवी, मांडीवर सात-आठ महिन्यांचं बाळ, कानटोपी घातलेलं. बाळ आल्यामुळे गाडी बघताहेत. शेठ त्यांना म्हणत होता, "उद्या एक चंदेरी गाडी येत्या बगा. एका बाईनं वापरलेली, एक ओरखडा न्हाय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती 'बाई' मी होते!

चेक तयार होता, टेबलावर. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. भैरवी मला हसून विचारते, "ताई, गाडी तुमची का? चांगली आहे?" बाळानं माझ्या पदराला हात घातला होता.

मी सांगितलं. सगळं. दांडा, शिवण, पुट्टी. शेठ मध्ये मध्ये बोलायला लागला, मी थांबले नाही; शाळेतला आवाज लागला माझा. निशांत उठून उभा राहिला. भैरवीनं बाळाला छातीशी धरलं आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली. दोघं निघून गेली.

शेठ शांतपणे म्हणाला, "आता? चेक घ्या, गाडी द्या. मी कुणाला इकतो, काय करतो, तुमाला काय करायचंय?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांच्या भविष्य निर्वाह निधीतलेच पैसे होते बहुतेक. आयुष्यात कधी उधळपट्टी न केलेला माणूस! ह्यांनी चेक उचलला, नीट वाचला — सवयीनं, तारीख, सही — आणि परत टेबलावर ठेवला. शेठकडे सरकवला.

"चल," म्हणाले.

बाहेर बसची वाट बघत उभे होतो. हे एकदम म्हणाले — "भरमू अण्णांना सांग, काप म्हणावं." सत्तावीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाकडे आज पहिल्यांदा असं बघितलं.

१५ डिसेंबर

शेठवर ग्राहक मंचात तक्रार करायची. ह्यांनी अर्ज लिहायला घेतला. अक्षर बघून जजसुद्धा खूश होईल. अण्णांनी सगळ्या जोडांचे फोटो काढून ठेवलेत. नोंद रद्द करायचा अर्जही दिला.

१८ डिसेंबर

बेनाडीच्या पोरी: "बाई, गाडी कुठाय?" म्हटलं, तिची सेवा संपली. निवृत्त झाली.

२१ डिसेंबर, शनिवार

काकतीला गेलो, हे आणि मी. आज कापायची.

अण्णांनी आधी गाडी धुतली! मी म्हटलं, आता कशाला? फडक्यानं पुसून काढली, मग खडूनं रेघा मारल्या. दारं काढली, सीटा काढल्या. दार काढलं की गाडी किती उघडी वाटते, आतलं सगळं दिसतं, वायरी, चिकटपट्ट्या, कोणाच्या तरी पोराच्या चॉकलेटचा कागद. डाव्या दांड्याची शिवण कापायला त्यांनी मला बोलावलं. चष्मा दिला. ठिणग्या उडाल्या, आणि जोड दोन मिनिटांत सुटला. दोन मिनिटं! एवढ्याच भरवशावर मी माझ्या पोरीला तवंदी घाट उतरवत होते.

ह्यांनी तो तुकडा उचलून हातात तोलून बघितला. मग एकदम माझा हात धरला. चारचौघांत! अण्णांनी तोंड फिरवलं.

दुपारी मनुबाईंचा फोन आला. "कापली का?" म्हटलं, कापतोय. म्हणाल्या, "बाई, एक तुकडा द्या. कुठलाबी." मी अण्णांना विचारलं. त्यांनी विचार केला. इंजिनामागच्या पत्र्यावर गाडीचा कारखान्यातला नंबर कोरलेला असतो, जन्मापासूनचा. तोच कापून, घासून, पॉलिश करून देऊ म्हणाले. "नाव हाय ते तिचं. देव्हाऱ्यात शोभंल." आत डॅशबोर्ड उतरवावा लागेल, दोन दिवस लागतील.

मनुबाईंना सांगितलं. म्हणाल्या, जागा करून ठेवतो.

२४ डिसेंबर, मंगळवार

भरमू अण्णांचा फोन. नंबराचा तुकडा काढायला त्यांनी मागून बघितलं. तो तुकडा चारी बाजूंनी वेल्डिंग करून बसवलेला आहे. तळहाताएवढा पत्रा तेवढा कणकुंबीच्या गाडीचा, कागद जुळावेत म्हणून. बाकीची गाडी दुसरीच. कोणाची, कुठे आपटली, काही माहीत नाही. पोलिसांना कळवलं, ते येतील.

मनुबाईंना सांगितलं. सांगायलाच हवं होतं. त्यांनी विचारलं —

"मग मी जिच्यावर डोकं टेकलं, तिच्यातली मानसं उतरली का गं?"